दोनदा भरलं, एकदा विरघळवलं: माझं फिलर प्रकरण

वर्षभर रोज चालून, रात्रीचं खाणं आवरून मी 13 किलो उतरवले आणि ज्या दिवशी जुने कपडे सैल झाले म्हणून खुशीत ऑफिसला गेले नेमकं त्याच दिवशी लिफ्टमध्ये एकीने विचारलं, बरं नाहीये का गं तुला, चेहरा अगदी उतरलाय. मग दुसऱ्याने विचारलं. मग तिसऱ्याने. आठवडाभर मी सगळ्यांना हसून सांगत होते की अहो मुद्दाम कमी केलंय वजन, आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहायचे. वय 46. कंबर बारीक झाली होती ते खरं, पण त्याच्या आधी चेहराच बारीक झाला होता, म्हणजे बारीक पण नाही, ओघळल्यासारखा. डोळ्याखाली खड्डे, नाकाच्या बाजूने निघून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या दोन रेघा, आणि व्हिडिओ मीटिंगमध्ये वरून लाईट पडला की मी माझ्याच मोठ्या मावशीसारखी दिसायचे. गाल बसलेत हे मात्र तेव्हा लक्षातच आलं नाही माझ्या, मला दिसत होते ते फक्त खड्डे आणि रेघा.

फिलर हा शब्द माहीत होता, इंजेक्शनने चेहऱ्यात काहीतरी भरतात आणि सुरकुत्या जातात एवढंच. कोणाला विचारायची लाज वाटली, नवऱ्याला सुद्धा सांगितलं नाही. या वयात हे काय थेर सुचलेत असं कोणी म्हणेल ही भीती, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य मीच स्वतःला दिवसातून दहा वेळा म्हणत होते. लपवायचं ठरलं की मग माणूस कसं निवडतो बघा: जिथे सगळ्यात लवकरची अपॉइंटमेंट मिळाली, जिथे लंच टाईममध्ये होऊन जाईल असं सांगितलं, जिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही, ते क्लिनिक. डॉक्टरांचं शिक्षण काय, ते किती वर्षं हे करतायत, यातलं काहीही विचारलं नाही. वॉशिंग मशीन घेताना मी तीन दुकानं फिरले होते.

तिथे सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली, त्यातली वीस मिनिटं नंबिंग क्रीम, म्हणजे कातडी बधिर करायचं क्रीम, लावून बसण्यात गेली. मी डोळ्याखाली बोट दाखवून म्हटलं हे खड्डे, ते म्हणाले होऊन जाईल, एका सिरिंजमध्ये दोन्ही बाजू. आडवं झोपवलं, फोटो काढला नाही, कुठली औषधं चालू आहेत विचारलं नाही (गुडघ्यासाठी अधूनमधून पेनकिलर चालू होती आणि फिश ऑइलच्या गोळ्या पण, दोन्हींमुळे रक्त जास्त येऊ शकतं हे मला खूप नंतर कळलं), एका कागदावर सही घेतली जी मी वाचली नाही, आणि सुईने टोचत टोचत पाच मिनिटांत काम संपलं. दुखलं फारसं नाही. उठून आरशात बघितलं आणि खड्डे गायब! इतका आनंद झाला ना की खोटं सांगणार नाही, लिफ्टमध्ये एकटीच हसले.

दहा दिवस मजेत गेले. मग एका सकाळी उठले तर डोळ्याखाली दोन फुगवटे. छोटे, शेंगेच्या आकाराचे, आणि रंग निळसर. मार लागून काळंनिळं होतं तसा निळा नाही, तो पिवळा पडून जातो, हा जाईचना. दुपारी कमी, सकाळी जास्त, आणि खिडकीजवळ उभं राहिलं की सगळ्यात जास्त. क्लिनिकला फोन केला तर म्हणाले स्वेलिंग आहे, उतरेल. महिन्याने परत गेले तर म्हणाले अजून एक सिरिंज घाला म्हणजे लेव्हल होऊन जाईल. तिथे मात्र कुठून तरी अक्कल आली आणि मी म्हटलं बघते, आणि परत गेले नाही.

त्यानंतर सात महिने मी कन्सीलर थापून काढले. निळ्यावर केशरी लावायचं, त्यावर आपल्या रंगाचं, त्यावर पावडर, रोज सकाळी वीस मिनिटं हा उद्योग, आणि रात्री धुताना लाईट बंद करून धुवायचं म्हणजे दिसायला नको. रात्री फोनवर वाचत बसायचे. त्या काळात या विषयात माझं जवळजवळ शिक्षणच झालं म्हणा. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक चेहऱ्यात चक्क पॅराफिन, मेण, टोचून घेत होते आणि मग त्याच्या गाठी होत, ते मेण सरकत असे, हे वाचून अंगावर काटा आला. मग 1981 मध्ये अमेरिकेत गायीच्या कातडीपासून केलेल्या कोलाजेनच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली, त्याला आधी हातावर ॲलर्जीची टेस्ट करावी लागायची आणि काही महिन्यांत ते विरूनही जायचं. आता जे सगळ्यात जास्त वापरतात ते हायलुरॉनिक ॲसिड, ते तिकडे सुरकुत्यांसाठी 2003 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. हा पदार्थ मुळात आपल्या अंगातच असतो, कातडीत, सांध्यांत, डोळ्यात. 1934 मध्ये पहिल्यांदा तो वेगळा काढला तो सुद्धा गायीच्या डोळ्यातल्या जेलीमधून. नाव ॲसिड असलं तरी भाजबिज काही नाही, पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ आहे तो. अंगातला स्वतःचा तर एकदोन दिवसांत मोडून नवा होतो, म्हणून इंजेक्शनवाल्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठी मारून जोडलेल्या असतात, म्हणजे ते जेल महिनोनमहिने टिकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे नको झालं तर विरघळवता येतं. हे वाक्य मी रात्री दीड वाजता वाचलं आणि उठून बसले.

पण तरी गेले नाही कुठे. कारण जायचं म्हणजे कोणाला तरी सांगायचं.

शेवटी ताईने पकडलं. ती राहायला आली होती, सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आले आणि ती खिडकीतच उभी. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "हे काय गं डोळ्याखाली? कोणी मारलं का तुला?" तिच्या आवाजात जे काही होतं ना, त्यापुढे थेर म्हणण्याची भीती अगदीच किरकोळ होती. सांगून टाकलं सगळं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "मूर्ख आहेस. दाताचं काही असतं तर मला फोन केला असतास ना?" आणि तिनेच चौकशी करून एका स्किनच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली, बरोबर पण आली.

या मॅडमनी पाऊण तास घेतला आणि त्यात सुई हातात सुद्धा धरली नाही. कुठली औषधं, कुठले आजार, तोंडाला वारंवार ताप फुटतो का, म्हणजे ओठांवर फोड येतात का (येत असतील तर इंजेक्शनमुळे परत उठू शकतात, आधीच गोळ्या देतात), दातांचं काम चालू आहे का, वजन किती आणि किती दिवसांत कमी झालं. मग मला खुर्चीत ताठ बसवून वरचा दिवा लावला. म्हणाल्या झोपून चेहरा बघायचाच नाही, झोपलं की सगळं मांस कानाकडे सरकतं आणि सगळेच तरुण दिसतात. मग अंधार करून बाजूने टॉर्च धरला, फुगवट्याची सावली पडली, आणि मग सोनोग्राफीचा एक छोटासा प्रोब, पेनापेक्षा थोडा जाड, जेल लावून डोळ्याखाली फिरवला. स्क्रीनवर राखाडी रेघांमध्ये काळी काळी डबकी दिसत होती. "हे बघा तुमचं फिलर," म्हणाल्या, "कातडीच्या अगदी खाली आहे, असायला हवं होतं हाडाजवळ." डोळ्याखालची कातडी पातळ, तिच्या लगेच खाली स्वच्छ जेल आलं की उजेड त्यातून विखरून परत येतो आणि तो निळा दिसतो, आकाश निळं दिसतं त्याच जातीचा प्रकार. वर ते पाणी ओढतं, म्हणून सकाळी फुगवटा जास्त. मी विचारलं आपोआप जाणार नाही का, तर म्हणाल्या कातडी फार हलत नाही अशा जागी ते कधीकधी कित्येक वर्षं तसंच राहतं, वाट बघत बसू नका.

मग विचारलं, "काय भरलं होतं?" आणि मला सांगता येईना. फिलर, म्हटलं. मॅडम म्हणाल्या फिलर म्हणजे काय ते सांगा, हायलुरॉनिक ॲसिड, की कॅल्शियमचं, की पॉलिलॅक्टिक ॲसिड, कारण विरघळवायचं जे औषध आहे ते फक्त पहिल्यावर चालतं, बाकीच्यांवर चालत नाही. सोनोग्राफीवरून पहिलंच वाटतंय पण नाव आणलंत तर बरं. प्रत्येक सिरिंजच्या डब्यात म्हणे स्टिकर असतात, नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, ते पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवायचे आणि पेशंटलाही द्यायचे. मला असलं काही दिलंच नव्हतं. त्या पहिल्या क्लिनिकला तीन फोन केले. पहिल्यांदा म्हणाले रेकॉर्ड बघून सांगतो, दुसऱ्यांदा उलट विचारलं तुम्हाला कशाला पाहिजे, तिसऱ्यांदा ताईने फोन घेतला. ताई शाळेत मुख्याध्यापिका होती. अर्ध्या तासात रजिस्टरच्या पानाचा फोटो आला. नशिबाने हायलुरॉनिक ॲसिडच होतं.

विरघळवायच्या औषधाचं नाव हायलुरॉनिडेज. इंजेक्शन द्यायच्या आधी मॅडमनी विचारलेला प्रश्न मी जन्मात विसरणार नाही: "मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर कधी फार सुजलं होतं का, श्वास लागला होता का?" मी ताईकडे बघितलं, मला वाटलं चुकीचं ऐकू आलं. तर मधमाशी-गांधीलमाशीच्या विषातही याच जातीचं एंझाइम असतं, त्याची ॲलर्जी असेल तर याचीही असू शकते. लहानपणी मधमाशी चावली होती पण तेवढ्यापुरतीच सूज आलेली. तरी हातावर थोडंसं टोचून अर्धा तास बसवलं, गांधी उठते का बघायला. उठली नाही. मग डोळ्याखाली, थेंब थेंब. हे मात्र झोंबतं हो! फिलरपेक्षा दुप्पट झोंबलं, मुंग्या डसल्यासारखं, आणि डोळ्याखाली लगेच फुगलं म्हणून मी घाबरले पण ते औषधाच्या पाण्याचंच होतं. घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी निळं गेलेलं. सात महिन्यांचं ओझं चोवीस तासांत गायब, आणि त्याच्या जागी माझे जुने खड्डे, जसेच्या तसे, उलट मला वाटलं आधीपेक्षा खोलच. रडले मी. कशासाठी नक्की रडले ते मलाच सांगता येत नाही, कारण हेच तर हवं होतं.

त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "म्हणजे ते निळं त्याचं होतं? मला वाटलं तुला झोप लागत नाहीये. म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी ठेवायला लागलो होतो." सात महिने हा माणूस कानाजवळ हात नेऊन बातम्या ऐकत होता आणि मला वाटत होतं याला काही दिसतच नाही.

दोन आठवड्यांनी परत गेले तेव्हा मी स्वतःहून म्हटलं की आता काही भरायचं नाही, नुसतं तपासून घ्यायचंय. मॅडमनी हातात आरसा दिला, ताठ बसवलं आणि दोन बोटांनी माझा गाल वर आणि किंचित बाहेर, एवढासा, उचलला. खड्डा निम्मा झाला. नाकाजवळची रेघ पुसट झाली. बोटं सोडली, परत तीच मावशी. मी म्हटलं परत करा. परत केलं. मग त्यांनी समजावलं की चेहऱ्यातली चरबी म्हणजे एक सलग गादी नसते, वेगवेगळे कप्पे असतात, 2007 मध्ये प्लास्टिक सर्जन लोकांनी मृतदेहांमध्ये रंग टोचून हे कप्पे नीट दाखवले. यातले गालाचे खोल कप्पे वयाने रिकामे होतात, माझे वजनामुळे जास्तच झाले, आणि मागचं हाडही वयाबरोबर झिजतं, डोळ्याची खोबण मोठी होते. "मांडवाचा खांब खचला की कापड लोंबतं," म्हणाल्या, "लोंबलेल्या कापडाला ठिगळं लावून काय होणार?" म्हणजे मी इतके दिवस बोट दाखवत होते डोळ्याखाली आणि गेला होता गाल.

कपाळावर भुवयांच्या मध्ये ज्या दोन उभ्या रेघा आहेत त्यांचं पण विचारून घेतलं, आलेच आहे तर. त्यावर सरळ नाही म्हणाल्या. त्या स्नायू आवळून पडलेल्या रेघा, त्यांना बोटॉक्स, ते स्नायू सैल करतं, फिलर नुसती जागा भरतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिथल्या रक्तवाहिन्यांमुळे त्या जागी फिलर घालणं फार धोक्याचं. नवल वाटलं, कारण पैसे तर मी देणारच होते.

धोक्यांचं पण स्पष्ट सांगितलं. सही करायचा कागद घरी नेऊन वाचा म्हणाल्या. चार पानं. त्यात एक ओळ होती, फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाचं रक्त अडून कातडी मरू शकते, आणि फार क्वचित डोळ्याच्या रक्तवाहिनीत जाऊन नजर जाऊ शकते. नवऱ्याने ती ओळ मोठ्याने वाचली आणि कागद टेबलावर ठेवला. म्हणाला तू ठरव, पण मी बरोबर येणार. मी बारा दिवस घेतले. बाकीच्यांनी काय करावं ते मी सांगणार नाही, मला स्वतःला त्या ओळीनंतर उलट बरं वाटलं, कारण पहिल्या ठिकाणी सुद्धा हाच धोका होता, फक्त मला कोणी सांगितला नव्हता. फिश ऑइल आठवडाभर आधी बंद केलं, पेनकिलर पण. रक्त पातळ करायची गोळी कोणी लिहून दिलेली असेल तर ती मनाने बंद करायची नाही, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

तो दिवस. आधी पाच बाजूंनी फोटो. मग ताठ बसवून पांढऱ्या पेन्सिलीने चेहऱ्यावर नकाशा काढला, गालाच्या हाडावर टिंबं, खाली एक वक्र रेघ, डोळ्याच्या कडेच्या हाडापासून एक सीमा, याच्या वर जायचं नाही म्हणाल्या. मेकअपचा कण राहू नये म्हणून तीन वेळा पुसून काढलं. डबा माझ्या समोर फोडला, तारीख वाचून दाखवली. ट्रेवर बाजूला हायलुरॉनिडेजच्या बाटल्या आधीच मांडून ठेवलेल्या, मी विचारलं ह्या कशाला, म्हणाल्या लागू नयेत म्हणून. सिरिंज बघून हसायला आलं, 1 मिलीची. साधा चहाचा चमचा 5 मिलीचा असतो, म्हणजे अख्खी सिरिंज चमच्याचा पाचवा भाग. एवढ्याने काय होणार!

पहिली टोचणी हाडापर्यंत, सुई टेकल्याचं कळतं, दुखत नाही पण ठण्ण असं काहीतरी जाणवतं. प्रत्येक वेळी दट्ट्या जरा मागे ओढून थांबायच्या, रक्त येतंय का बघायला, आणि मग इतकं हळू सोडायच्या की मला वाटलं अडकलंय. जेलमध्येच बधिर करायचं औषध असतं म्हणून दुसऱ्या तिसऱ्या टोचणीला काही कळेनासं झालं. मग गालाच्या बाजूला एक भोक पाडून कॅन्युला घातली, ही बोथट टोकाची लांब नळी, सुईपेक्षा ती रक्तवाहिनीला भोक पाडण्याची शक्यता कमी. आणि तिचा आवाज! बाहेर नाही येत, आपल्याच डोक्यात येतो, करकर, कोरड्या वाळूवरून चालल्यासारखा. दुखत शून्य होतं पण त्या आवाजाने मी नवऱ्याच्या हाताला नखं रुतवली. मध्येच उठवून बसवायच्या, लांब जाऊन बघायच्या, डावीकडे थोडं जास्त लागेल म्हणायच्या, माझा डावा गाल मुळातच लहान निघाला, 46 वर्षं मला पत्ता नव्हता. आणि दर थोड्या वेळाने बोटाने गाल दाबायचा आणि सोडायचा, पांढरा झालेला ठिपका लगेच गुलाबी होतो का, म्हणजे रक्त नीट वाहतंय का, ते बघायचं, गाल, नाक, वरचा ओठ, सगळीकडे. एकूण चाळीस मिनिटं. शेवटी दोन स्टिकर काढले, एक फाइलमध्ये, एक माझ्या कार्डावर. मी लगेच फोनमध्ये फोटो काढून ठेवला, ताईला पण पाठवला, तिचं उत्तर आलं, शाब्बास.

सूचना साध्या होत्या, चोळायचं नाही, दोन दिवस व्यायाम नाही, वाफ नाही, उताणं झोपायचं दोन उशा घेऊन, दोन आठवडे दाताचं काम नाही. उताणं झोपणं सगळ्यात अवघड गेलं मला, मी जन्माची पोटावर झोपणारी.

दुसऱ्या रात्री अकराला डावा गाल उजव्यापेक्षा सुजलेला आणि त्यावर सुपारीएवढा जांभळा डाग. झालं, माझ्या डोक्यात ती चार पानांतली ओळ. हात थरथरत मॅडमना फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. दुखतंय का, वाढत चाललंय का? नाही, जरा ठणकतंय फक्त. डाग एकसंध आहे की जाळीसारखा पसरलाय? एकसंध. कातडी कुठे पांढरी पडलीय का, नजरेत काही फरक? नाही. "आता बोटाने दाबा आणि सोडा, मी फोनवर आहे." दाबलं, सोडलं, एक म्हणायच्या आत गुलाबी. "उजवीकडे करा." तेच. म्हणाल्या हे साधं रक्त साकळलंय, सूज दुसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते, झोपा, सकाळी परत फोटो पाठवा. मी नंतर बारा वाजेपर्यंत गाल दाबत बसले होते ती गोष्ट वेगळी. पाचव्या दिवशी डाग हिरवा, मग पिवळा, नवव्या दिवशी नाहीसा.

गालाला हात लावला तर पहिला आठवडा आत काहीतरी वेगळं लागायचं, थोडं टणक, हसताना परकं वाटायचं, जसं दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ आपला वाटत नाही तसं. मग कधी आपलं वाटायला लागलं कळलंच नाही. चौदाव्या दिवशी दाखवायला गेले, आधीचे आणि आताचे फोटो शेजारी लावले. खरं सांगू, मला खूप फरक हवा होता आणि फरक थोडासाच होता. रेघा आहेत, पुसट झाल्यात. खड्डे आहेत, पण उथळ, सावली पडत नाही. मी लाडीगोडी लावून विचारलं अजून एक सिरिंज? म्हणाल्या तीन महिन्यांनी बघू, आत्ता घातलं तर तुम्ही भरलेल्या दिसाल, बऱ्या नाही दिसणार. गालातलं साधारण वर्षभर, कोणाचं कमी कोणाचं जास्त, टिकतं म्हणे.

आईकडे गेले तर तिने निरखून बघितलं आणि म्हणाली, "परत वजन वाढलं वाटतं तुझं." 13 किलो!

गेल्या महिन्यात दात साफ करायची वेळ होती, मी सरळ फोन करून तीन आठवडे पुढे ढकलली. गेले तेव्हा तिथल्या मुलीने फॉर्म दिला, नेहमीचाच, बीपी, शुगर, ॲलर्जी, आणि शेवटी एक रकाना, इतर कोणतीही ट्रीटमेंट. वेटिंगमध्ये शेजारी आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई बसल्या होत्या, फॉर्मकडे डोकावतायत हे मला दिसत होतं. मी फोन काढला, स्टिकरचा फोटो उघडला, आणि नाव, बॅच नंबर, तारीख सगळं बघून बघून त्या रकान्यात लिहिलं. नीट, मोठ्या अक्षरात.